फोनमधला टायमर की गावचा भोंगा?

अँड्रॉइड आणि आयफोनवर स्क्रीन टाइम मोजायची सोय २०१८ साली आली. मीही इन्स्टाग्रामला अर्ध्या तासाची मर्यादा लावली. वेळ संपली की आयकॉन करडा पडतो. पहिले दोन दिवस ओशाळलो, तिसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा वाढवायला अंगठा सरावला. कुलूप माझंच, किल्लीही माझ्याच खिशात!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास पोरांच्या अभ्यासाचा. सगळेच बंद म्हटल्यावर आपलं काही निसटतंय ही हुरहुर राहत नाही. शिवाय शेजारी बघतात. ही लाज कुठल्या ॲपला जमायची?

शहरात मात्र भोंगा अवघड. सातला आमची निम्मी सोसायटी लोकलमध्ये लटकलेली असते. टायमरचा एक गुण मानतो: आकडा लपत नाही. गेल्या रविवारी चार तास बारा मिनिटं! बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

तेव्हापासून घरापुरता भोंगा ठरलाय, कुकरची तिसरी शिट्टी. झाली की चारही फोन फ्रिजवर.