सर्क्युलेशन सब: बॉलवर चालणारा घ्यावा की चिपवर?

मुंबई हाय या मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या चुनखडीत विहीर खोदताना मड लॉसची, म्हणजे खोदकामासाठी फिरवलेला दाट द्रव (मड) चिरांत वाहून जाण्याची, भीती कायम असते. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने इथे तेल शोधलं; इतक्या वर्षांच्या उपशाने थरांतला दाब उतरलाय आणि एखादी चीर लागली की टाकीतला मड बघता बघता खाली जातो. ती बुजवायला एलसीएम, म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भरडा, अभ्रक, तंतू, पंप करावं लागतं. जाडसर एलसीएम पाइपच्या खालच्या टोकाची मोटर, एमडब्ल्यूडी (खोदताना मोजमाप घेणारं यंत्र) आणि बिटच्या, म्हणजे खोदणाऱ्या टोकाच्या, नोझलमध्ये अडकतं. म्हणून त्यांच्या वर सर्क्युलेशन सब हा पाइपमधला छोटा तुकडा बसवतात. त्याची बाजूची भोकं उघडली की मड तिथूनच बाहेर पडतो.

बॉलवर चालणाऱ्या सबमध्ये दबणारा प्लास्टिकचा बॉल पाइपमधून सोडतात. तो सबमधल्या सीटवर बसला की स्टँडपाइपचा, म्हणजे रिगवरच्या मडच्या नळीचा, दाब चढतो, स्लीव्ह (भोकं झाकणारी आतली नळी) सरकते आणि दाबाचा काटा एकदम खाली येतो. तो काटा पडलेला पाहिला की ड्रिलरचा जीव भांड्यात पडतो. बंद करायला स्टीलचे छोटे बॉल टाकतात. ते भोकं अडवतात आणि वाढलेल्या दाबाने सगळे बॉल खालच्या कॅचरमध्ये, म्हणजे बॉल साठवणाऱ्या कप्प्यात, जातात. कॅचर भरला की सबचं काम संपलं, पुढे ट्रिपच मारावी लागते, म्हणजे सगळा पाइप बाहेर काढून पुन्हा उतरवावा लागतो. शिवाय खोल विहिरीत बॉल खाली पोचेपर्यंत थांबावं लागतं.

चिपवाल्यात मडबरोबर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी छोटी चिप) सोडतात. सबमधला अँटेना तो वाचतो आणि बॅटरीवरची यंत्रणा भोकं उघडते-मिटते. कितीदा उघडायचं याला कॅचरची अडकाठी नाही. लांब, आडव्या विहिरीत कटिंग्ज (खोदलेला चुरा) साफ करायला पुन्हा पुन्हा जास्त फ्लो हवा असेल तर हाच घ्या. मात्र भाडं जास्त, बॅटरीला तापमानाची मर्यादा आणि बिघडला तर रिगवर दुरुस्ती जवळपास अशक्य.

सबशिवाय जायचा पर्याय मला पटत नाही. लॉस लागल्यावर स्ट्रिंग, म्हणजे विहिरीतला सगळा पाइप, बाहेर काढून उघड्या पाइपने परत उतरायचं, तोवर जॅक-अपचं (समुद्रतळावर पाय रोवून उभ्या रिगचं) दिवसाचं भाडं चालूच. पावसाळ्यात समुद्र खवळला की न्हाव्याच्या किनाऱ्यावरच्या तळावरून बोटीने टूल मागवणंही हातात राहत नाही.

लॉस एक-दोनदाच अपेक्षित असेल, तर माझं मत बॉलवाल्याला. दोन्हींत भोकं उघडी असताना बिटला पुरेसा मड मिळत नाही, म्हणून ड्रिलिंग करू नका. पाइपही एकाच जागी फिरवत ठेवू नका, मऊ थर धुपतो. आणि बॉलवाला ठरला, तर सबच्या वर येणाऱ्या जारसकट (अडकलेल्या पाइपला झटका देणारं अवजार) प्रत्येक भागाचा आतला व्यास न्हाव्यालाच मोजून घ्या. बॉल वाटेत अडकला तर सब उघडणार नाहीच, वर पाइपही तुंबेल.