कोल्हापूरच्या राजारामपुरीतला कुशन कव्हरचा क्लास: फी वसूल, चेनचा भाग सोडून

सरळच सांगते, पैसे वाचतील म्हणून हा क्लास लावणार असाल तर लावू नका. पाच कव्हरांचा रेडीमेड सेट ऑनलाइन तीन-चारशेत घरपोच येतो, आणि कापड, दोरा, फिलर (आत घालायची उशी), फी सगळं धरलं तर घरी शिवलेलं त्यापेक्षा महागच पडतं. पण आईची किंवा सासूबाईंची मशीन घरात टेबलक्लॉथ घालून पडलेली आहे, तिच्यावर फक्त फुलदाणी ठेवायचं काम चाललंय आणि कधीतरी शिकायचंय असं वर्षानुवर्षं नुसतं म्हणताय, तर मात्र डोळे झाकून जावा. कारण कुशन म्हणजे शेवटी चौकोनच, मुंढा नाही, गळा नाही, कुणाच्या अंगाला बसवायचं नाही, अर्धा इंच इकडेतिकडे झालं तरी सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला कळत नाही.

क्लास शिकवणाऱ्या काकूंच्या घरीच वरच्या मजल्यावर आहे, शनिवार-रविवारची बॅच, फी ८०० रुपये आणि त्यात एका कव्हरचं कापड आणि एक फिलर. मोटर बसवलेल्या दोन पायमशीन, एक जुनी काळी हातमशीन आणि एक उषा जानोमे, एवढ्या मशीनवर आम्ही आठ जणी, म्हणजे अर्धा वेळ बघत बसायचं. फोनवर विचारलं तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनी बॅच चार-पाचचीच ठेवावी, फी थोडी वाढवली तरी चालेल असं माझं मत, बाकीच्यांचं पण तेच होतं.

आता चांगलं काय ते. सुरुवातीला काकू दोरा ओवूच देत नाहीत. वहीचा रेघांचा कागद देतात आणि बिनदोऱ्याची सुई त्या रेघेवरून चालवायला लावतात, आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग गोल. मोटरची मशीन पायाने किती दाबली की किती पळते हे त्यातच कळतं, आणि कागद फुकट गेला तरी जीव जळत नाही. माझ्या शेजारच्या मुलीला हे फार बोअर झालं, तिला लगेच कापडावर बसायचं होतं, तर काकू म्हणाल्या, ‘अगं, मी सांगतो ते ऐक, कागदावर सरळ आलीस की कापडावर कोण अडवतंय तुला.’ आणि खरंच, कापडावर बसलो तेव्हा तिचीच टीप सगळ्यात सरळ आली!

दुसरी एक गोष्ट मला इथंच कळली ती म्हणजे कापड सरळ कापायची पद्धत. दुकानदाराने कात्रीने टर्रकन कापून दिलेला तुकडा कधीच काटकोनात नसतो. काकूंनी कापडाच्या कडेला छोटा काप दिला, तिथला एक आडवा दोरा नखाने उचलला आणि हळूहळू ओढत गेल्या, कापडाला चुण्या पडत गेल्या, मधे दोरा तुटला की तुटलेल्या जागेपर्यंत कापायचं आणि पुढचं टोक शोधून परत ओढायचं. दोरा निघाला की त्या जागी बारीक रेघ दिसते, तीच कापायची रेघ. वेळ जातो, पण असं कापलेलं कव्हर धुतल्यावर तिरकं होत नाही. रेडीमेड कव्हरं दोन धुण्यांत पतंगासारखी का होतात हे पण त्यामुळे कळलं, तिथं कुणी एवढं करत बसत नाही. घट्ट विणीच्या कापडाचा दोरा निघत नाही बरं का, तिथं गुण्या (काटकोनाची पट्टी) आणि खडूच. आणि सुती कापड कापायच्या आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं, आटायचं ते आधीच आटू दे.

माप लिहून देते, कुणाला क्लासला जायचं नसेल तर एवढ्यावर पण होईल. १६ इंची कव्हरला पुढचा तुकडा १७ बाय १७, चारी बाजूंनी अर्धा इंच शिलाईत जातो. मागे चेन नको असेल तर पाकिटासारखं करायचं, त्याला १७ बाय १२ चे दोन तुकडे, दोघांची एकेक लांब कड आधी अर्धा आणि मग एक इंच दुमडून टीप मारायची. मग पुढच्या तुकड्यावर सुलट बाजू सुलट बाजूला लावून दोन्ही ठेवायचे, मधे साधारण चार इंच एकावर एक येतात, टाचण्या लावून चारी बाजू शिवायच्या आणि उलटवायचं. झालं कव्हर, बटण नाही, चेन नाही, काही नाही. ३६ इंची पन्ह्याच्या (रुंदीच्या) सव्वा मीटरात दोन आरामात बसतात. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाड कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सला १६.

कोपऱ्यावर आलं की सुई कापडात रुतवून ठेवायची, मशीनचा पाय (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली टाकून पुढे. सुई वर राहिली तर कापड सरकलंच म्हणून समजा. उलटवायच्या आधी कोपऱ्याचं जादा कापड तिरकं छाटायचं, टीप न कापता, आणि टोक काढायला कात्री खुपसायची नाही, काकू बोथट पेन्सिल वापरतात. सुरुवातीला आणि शेवटी उलट टीप विसरायची नाही, काळ्या हातमशीनला रिव्हर्स नसेल तर कापड फिरवून त्याच टीपेवरून परत यायचं.

चेनचा भाग मात्र अगदीच घाईत उरकला. रविवारी शेवटच्या तासात काकूंनी एकदा करून दाखवलं, त्यांचा हात एवढा चालतो की काय केलं ते दिसेपर्यंत झालंसुद्धा, आणि आम्हाला करायला वेळच उरला नाही. चेनसाठीचा एका बाजूचा पाय एकच होता तो पण एकाच मशीनला बसत होता. जाहिरातीत चेनचं कव्हर असं ठळक लिहिलंय, मग ते शिकवायला पाहिजे ना? माझं स्वतःचं मत विचाराल तर नवशिक्याला चेन नकोच, पाकीट कव्हर शिवायला पण सोपं आणि धुवायला काढायला पण, पण जाहिरातीत लिहिल्यावर आम्ही विचारणारच.

आणि तो फीमधला फिलर! हातात घेतला तर नुसता पापड, १६ चाच होता आणि आत फायबर नावाला. कव्हर छान शिवलं तरी कोपरे रिकामे लोंबतात आणि आपल्यालाच वाटतं आपलं काहीतरी चुकलं. कव्हरपेक्षा फिलर एक-दोन इंच मोठा पाहिजे, १६ च्या कव्हरात १८ चा घातला की कसा टम्म बसतो बघा. मी नंतर गादी कारखान्यातून त्यातच जास्तीचं फायबर भरून घेतलं. कापूस भरायचा विचार होता, पण आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट माहितीय ना, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथं कापूस ओल धरतो आणि वास मारतो, ऊन दाखवायला ऊन तरी पाहिजे. फायबर धुता येतं, म्हणून तेच बरं.

काकू कापड पण विकतात, सोयीचं आहे पण भाव जास्त वाटला. शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या गावात मिल काढली आणि ज्याच्या शेजारी इचलकरंजीसारखं मागांचं गाव आहे तिथं साध्या पॉपलिनला एवढे पैसे देणं जिवावर येतं हो. जास्त घ्यायचं असेल तर सरळ जवळच्या गांधीनगरचा घाऊक कापडबाजार, एक-दोन मीटर हवं असेल तर महाद्वार रोडला फिरा, लेस आणि गोंडे पण तिथंच बघा. खणाचं कापड दिसायला एक नंबर पण कापल्या कापल्या कडा सुटायला लागतात, इंटरलॉक करून घ्या नाहीतर कडेला झिगझॅग मारा. जुन्या काठपदराच्या साडीची करणार असाल तर खाली पॉपलिनचं अस्तर लावा, जुनं रेशीम टीपेच्या जागीच उसवतं. हे अस्तराचं काकूंनी आपणहून सांगितलं आणि माझ्या साडीचा कुठला भाग अजून दमदार आहे ते उजेडात धरून दाखवलं, त्याचे जास्तीचे पैसे पण घेतले नाहीत. शिकवण्यात कंजुषी नाही बाईंच्यात, हे मान्य करायलाच पाहिजे.

पाचपैकी साडेतीन देते. गौरी-गणपतीच्या आधीची बॅच लवकर भरते म्हणे, तेव्हा आधी फोन करा आणि बॅचला किती जणी आहेत ते स्पष्ट विचारून घ्या. गाडी लावायला त्या गल्लीत जागा मिळत नाही, जवळ असाल तर चालत जावा. आणि स्वतःची कात्री न्या, तिथल्या एका पण कात्रीला धार नाही.