अ‍ॅम्लोडिपिन : दाब उतरला, घोटे सुजले

गेली तीन वर्षे मी रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी घेत आहे. आधी ५ मिलिग्रॅमची, मग काही महिने १० ची आणि आता पुन्हा ५ ची. रक्तदाब उतरवण्याच्या मूळ कामाबद्दल या गोळीला मी नावे ठेवणार नाही. माझा १६४ वर गेलेला वरचा दाब तिने महिन्याभरात १४० च्या आत आणला. शरीरातले निम्मे औषध उतरायलाच ३० ते ५० तास लागत असल्यामुळे, धुळ्याला लग्नाला गेलो असताना गोळीची वेळ चार-पाच तास पुढे ढकलली गेली, तरी दाब उसळला नाही.

तक्रार आहे ती दुष्परिणामाची, आणि त्याहून जास्त त्याविषयी कोणीच काही न सांगण्याची. दाब पुन्हा वाढला म्हणून डॉक्टरांनी १० ची गोळी सुरू केली आणि तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मोजे काढताना घोट्यांवर खोल वळ दिसले. अंगठ्याने दाबून पाहिले, तर पडलेला खळगा मनातल्या मनात वीस मोजेपर्यंत भरला नाही. घरात उडदाच्या पापडांवर आणि कैरीच्या लोणच्यावर ठपका आला. मीठ दाब वाढवते हे खरेच आहे, पण या सुजेत पापड निर्दोष होते.

त्यानंतरची चूक माझी आणि एका औषध दुकानदाराची, निम्मी-निम्मी. त्याने चिठ्ठी न मागता लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली आणि मी ती घेतली. भुसावळचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या आसपास, घामानेच अंगातले पाणी आटलेले. त्यात ही गोळी. खाटेवरून उठताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सूज मात्र होती तिथेच राहिली.

ती का राहिली हे नंतर डॉक्टरांनी समजावले. हे औषध लहान धमन्या सैल करते, शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो आणि दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्याच्या घोट्यांत साचतो. म्हणजे अंगात पाणी तुंबलेले नसते, आणि म्हणून लघवीची गोळी फारशी उपयोगी पडत नाही. ही सूज मात्रेवर अवलंबून असते: औषधाच्या चाचण्यांमध्ये ५ मिलिग्रॅमवर शंभरात सुमारे ३ जणांना, तर १० वर सुमारे ११ जणांना ती आढळली होती, आणि स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक होते. तरीही पायांची सूज हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारानेही येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांनी आधी लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारा रक्तातला घटक) तपासले आणि मगच गोळीवर बोट ठेवले.

उपाय साधा निघाला. मात्रा ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे दुसरे औषध दिले, जे शिराही सैल करते. दोन आठवड्यांत वळ दिसेनासे झाले. मात्र टेल्मिसार्टनने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, आणि रावेर-यावलच्या पाहुण्यांकडून घरात पोटॅशियमने भरलेल्या केळ्यांचा घड कायम असतो, म्हणून तीही तपासणी आता ठरावीक काळाने करतो. चेहरा तापणे, छातीत धडधड हे त्रास मला सुरुवातीचे चार-सहा दिवसच झाले. हिरड्या फुगण्याचा प्रकारही या औषधाने क्वचित होतो. मला झालेला नाही, पण दात दाखवायला जातो तेव्हा ही गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगतो.

सूज दिसली म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, कारण तिच्याबरोबर दाबही परत येतो. ओठ किंवा चेहरा सुजला, धाप लागली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोळीला मी पाचपैकी चार गुण देतो. पाचवा कापला तो गोळ्यांच्या पट्टीसाठी: तिच्यावर नाव, किंमत, मुदत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नये ही बारीक इंग्रजी सूचना आहे, घोट्यांबद्दल मराठीत एक ओळही नाही.