आयएफकॉन्फिग सोडून थेट कर्नलशी बोलताना: आठ महिन्यांचा अनुभव

आमचा डबा छोटा आहे. एआरएम प्रोसेसर, दोन इथरनेट पोर्ट, आत लिनक्स. एका पोर्टला मशीनची पीएलसी (मशीन चालवणारा छोटा नियंत्रक संगणक), दुसऱ्याला कारखान्याचं नेटवर्क. पीएलसीतले आकडे उचलून सर्व्हरला पाठवायचे, एवढंच त्याचं काम. ग्राहकाने वेबपेजवर आयपी पत्ता भरला की आमचा सी प्रोग्राम एक स्ट्रिंग जुळवायचा आणि शेलमधून (लिनक्सचे आदेश चालवणाऱ्या प्रोग्राममधून) आयएफकॉन्फिग हा पत्ता बसवणारा आदेश चालवायचा. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. मग एका सुरक्षा तपासणीत तपासणाऱ्याने पत्त्याच्या रकान्यात अर्धविराम टाकून पुढे रीबूट असं लिहिलं, शेलने तो वेगळा आदेश मानला, आणि डबा मुकाट्याने रीबूट झाला. त्या संध्याकाळी ठरलं: शेल बंद. इंटरफेसची (नेटवर्क पोर्टची) सगळी मांडणी सिस्टिम कॉलने, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) थेट विनंती करून करायची.

सुरुवात आयओसीटीएल या सिस्टिम कॉलने केली, कारण ती सोपी दिसते. एक साधा डेटाग्राम सॉकेट (प्रोग्रामचं नेटवर्ककडचं टोक) उघडायचा. त्यावरून काही पाठवायचं नसतं, तो फक्त कर्नलच्या दारावरची कडी. मग 'आयएफरेक' नावाच्या स्ट्रक्चरमध्ये इंटरफेसचं नाव आणि पत्ता भरायचा आणि विनंतीचा क्रमांक देऊन कॉल करायचा. पत्त्यासाठी ०x८९१६, नेटमास्कसाठी (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) ०x८९१सी, फ्लॅगसाठी (इंटरफेसच्या चालू-बंद वगैरे खुणा) ०x८९१४. एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर आयएफकॉन्फिग आतून हेच करतो. दुपारपर्यंत पत्ता बसला, पिंग झालं, आणि मी चहाला गेलो. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

दुसऱ्या महिन्यात भोसरीतल्या एका कारखान्यातून फोन आला. डबा पीएलसीशी बोलतोय, शेजारच्या संगणकावरून पिंगही होतो, पण सर्व्हरकडे काहीच जात नाही. त्यांचं नेटवर्क १०.२०.३०.० चं, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि सर्व्हर १०.४० मध्ये, म्हणजे राउटरच्या पलीकडे. आमच्या टेबलावर हाच डबा हाच प्रोग्राम घेऊन आठवडाभर नीट चालला होता. शेवटी बाइक काढून गेलो, डब्यात लॉगिन केलं आणि पाहिलं तर पत्त्यापुढे /२४ (मास्कचे २४ बिट, म्हणजे २५५.२५५.२५५.०) च्या जागी /८. म्हणजे १० ने सुरू होणारं सगळं जग आपल्याच तारेवर आहे अशी डब्याची समजूत. तो सर्व्हरला राउटरमार्फत गाठायच्या ऐवजी स्थानिक तारेवर एआरपीच्या ('हा पत्ता कुणाचा?' अशा) हाका मारत बसला होता, आणि तिथे ओ द्यायला कुणी नव्हतं.

चूक माझीच. मी आधी मास्क आणि मग पत्ता बसवत होतो. पण आयओसीटीएलने पत्ता बसवला की लिनक्स कर्नल मास्क स्वतःच ठरवतो, तेही जुन्या ए, बी, सी वर्गांवरून. १० चा पत्ता ए वर्गातला, म्हणून /८. ही वर्गवारी १९९३ मध्ये सीआयडीआर (वर्गांशिवाय पत्ते वाटायची पद्धत) आलं तेव्हाच मोडीत निघाली, पण या कॉलच्या पोटात ती अजून जिवंत आहे. मग टेबलावर का सापडलं नाही? कारण ऑफिसात आम्ही सगळे १९२.१६८ वाले. सी वर्ग, आपोआप /२४. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर. आणखी गंमत अशी की इंटरफेसवर पत्ताच नसेल तर मास्क बसवताना कर्नल सरळ 'पत्ता उपलब्ध नाही' असा एरर देतो आणि माझी चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. पण आमच्या डब्यावर कंपनीतून निघतानाच १९२.१६८.१.१०० असतो. मास्क निमूटपणे त्या जुन्या पत्त्याला चिकटला आणि नवा पत्ता आल्यावर त्याच्याबरोबरच गेला.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी पत्ता, मग मास्क. त्यातही दोन कॉलच्या मधल्या क्षणी चुकीचा मास्क असतोच, तो टाळता येत नाही.

फ्लॅगचंही असंच. इंटरफेस चालू करायचा म्हणून मी फ्लॅगमध्ये फक्त 'अप' भरून पाठवला. इंटरफेस चालू झाला, पण नेटवर्कवर डबा शोधून देणारी आमची सोय बंद पडली. आपण पाठवलेल्या आकड्यात मल्टिकास्टचा (एकाच वेळी अनेकांना पाठवण्याचा) बिट नसेल तर कर्नल तो काढून टाकतो, आणि ती सोय चालवणारा अवाही मल्टिकास्ट नसलेल्या इंटरफेसकडे ढुंकूनही बघत नाही. आधी फ्लॅग वाचा, त्यात 'अप' मिळवा, मग परत लिहा. मॅन्युअल वाचणाऱ्याला हे माहीत असतं. मी तेव्हा नमुना कोड वाचत होतो.

आयओसीटीएलवरून मन उठलं ते मात्र तिसऱ्याच कारणाने. एका ग्राहकाला तिसरा पोर्ट हवा होता, म्हणून यूएसबी इथरनेटचा तुकडा लावला. त्या ग्राहकाच्या लिनक्स प्रतिमेत अशा तुकड्याचं नाव 'ईएनएक्स' आणि पुढे मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्याची १२ अक्षरं असं पडतं. एकूण १५. नावाची जागा १६ बाइटची, शेवटचा शून्य धरून बरोबर भरली. आता त्याच पोर्टला दुसरा पत्ता द्यायचा तर आयओसीटीएलच्या जुन्या पद्धतीत नावामागे ':०' लावावं लागतं. १७ अक्षरं कुठे ठेवणार? पाहुणा घरात आणि चप्पल दाराबाहेर, अशी अवस्था.

चौथ्या महिन्यात नेटलिंककडे, कर्नलशी बोलायच्या दुसऱ्या वाटेकडे, वळलो. इथेही सॉकेटच, पण खराखुरा. कर्नलला निरोप लिहून पाठवायचा आणि त्याचं उत्तर वाचायचं. निरोपाला १६ बाइटचं शीर्षक, मग पत्त्याची माहिती, मग एकेक गुणधर्म. पहिले दोन दिवस मला फक्त 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' एवढंच ऐकू येत होतं. ईटीएच० हे इंटरफेसचं नाव शेवटच्या शून्यासकट ५ बाइट, वर ४ बाइटचं डोकं, म्हणून लांबी ९ लिहायची. पण पुढचा गुणधर्म १२ व्या बाइटपासून सुरू करायचा, कारण सगळं चाराच्या पटीत बसवायचं असतं. मी तो ९ वरच चिकटवला होता. कर्नल १२ पासून वाचत होता, आणि त्याला माझा पत्ता दिसतच नव्हता. शिवाय काम फत्ते झालं तरी उत्तराचा प्रकार 'एरर'च असतो, फक्त आत आकडा ० असतो. हे पहिल्यांदा पाहून मी चालणारा कोड पुन्हा बिघडवला होता.

पण एकदा जमलं की फरक कळतो. पत्ता आणि प्रीफिक्स (तो /२४ चा आकडा) एकाच निरोपात जातात. मधला अर्धवट क्षण नाही, आणि वर्गावरून अंदाज बांधणंही नाही. २४ लिहिलं तर २४. आधी दर दोन सेकंदांनी केबल लागली का म्हणून कर्नलला विचारत बसायचो. आता लिंकच्या (जोडणीच्या) निरोपांच्या गटात नाव नोंदवलं की केबल निघताच निरोप येतो. मात्र निरोपांचा पूर आला आणि तुम्ही वाचायला मागे पडलात तर सॉकेट 'बफर संपला' म्हणतो आणि मधले निरोप हरवतात. तेव्हा सगळी यादी पहिल्यापासून मागवून घ्यायची. आमच्या कोडमध्ये हे आलं ते पाचव्या महिन्यात, एका स्विचची वीज वारंवार जाऊ लागल्यावर.

नेटलिंकची खरी ठेच वेगळीच. आयओसीटीएल पत्ता बदलतो, नेटलिंक पत्ता वाढवतो. नवा पत्ता घातला, जुना तसाच राहिला, डबा दोन्हीवर उत्तर देऊ लागला. बरं, मग जुना काढला, तर नवाही गेला! दोन्ही एकाच सबनेटमधले असले की आधीचा प्रमुख आणि नंतरचा दुय्यम ठरतो, आणि प्रमुख काढला की कर्नल दुय्यमांनाही घरातून काढतो. 'प्रमोट सेकंडरीज' नावाची सेटिंग १ असेल तर दुय्यमाला बढती मिळते. माझ्या लॅपटॉपवर सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ती १ करून ठेवतो, डब्यावर सिस्टिमडी नाही, तिथे ती ०. पुन्हा तीच कथा: टेबलावर चालतं, जागेवर मरतं. या वेळी निदान बाइक काढावी लागली नाही, कारण एव्हाना चाचण्या डब्यावरच होत होत्या. वेगळा नेटवर्क नेमस्पेस (बाकीच्यापासून अलग नेटवर्क) बनवायचा, त्यात वेथची (आभासी इथरनेट पोर्टची) जोडी टाकायची आणि हवा तो गोंधळ घालायचा. चालू नेटवर्कला धक्काही लागत नाही. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर अर्धा लेख लिहावा लागला नसता.

लिनक्स ४.१२ किंवा त्यापुढचा कर्नल असेल तर सॉकेटवर विस्तारित उत्तराचा पर्याय जरूर चालू करा. मग आकड्याबरोबर कर्नल काही वेळा साध्या इंग्रजीत कारणही सांगतो. प्रत्येक ठिकाणी नाही, पण सांगतो तिथे तासभर वाचतो. आणि प्रोग्राम रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवू नका; नेट ॲडमिनची एक कॅपेबिलिटी (नेमका अधिकार) दिली की पुरते.

दोघांचंही न सुटलेलं एक दुखणं आहे. इंटरफेस बंद करून चालू केला की पत्त्याचा स्वतःचा रूट (पाकिटांचा मार्ग) परत येतो, डीफॉल्ट रूट (राउटरकडे नेणारा) येत नाही. तो आपणच लक्षात ठेवून पुन्हा घालायचा. आयपीव्ही६ चा पत्ता तर नेहमीच्या सेटिंगमध्ये बंद करतानाच पुसला जातो, आणि नव्याने घातल्यावर दुसऱ्या कुणाचा तोच पत्ता नाही ना हे तपासून होईपर्यंत त्यावर बाइंड करता, म्हणजे प्रोग्रामला तो पत्ता वापरायला घेता, येत नाही. आमचा सर्व्हर प्रोग्राम सुरुवातीला याच क्षणी कोसळायचा. आता तो तपास संपल्याच्या निरोपाची वाट बघतो.

तारे द्यायचेच तर आयओसीटीएलला अडीच, नेटलिंकला चार. एक तारा त्या 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'च्या दोन दिवसांसाठी कापला. एकच इंटरफेस, एकच पत्ता आणि आयपीव्ही४ एवढंच असेल तर आयओसीटीएलच्या ६० ओळींत भागतं, माझ्या नेटलिंकच्या फायलीत सातशेच्या वर ओळी झाल्या आहेत. सगळं हाताने लिहायची हौस नसेल तर लिबएमएनएल ही लायब्ररी घ्या, डोकी आणि चाराचे पट ते सांभाळतं. मी एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) बदलायला अजून आयओसीटीएलच वापरतो. ते चालतंय, आणि भोसरीचा डबा हात लावू नये इतका शांत आहे.