म्हशींनी मोडलेली हत्यारे : एका कार्यशाळेचा अभिप्राय

पंचगंगेकाठच्या एका मळ्यात गेल्या महिन्यात भरलेल्या दगडी हत्यारांच्या एकदिवसीय कार्यशाळेला मी गेलो होतो. आपल्या काळ्या बसाल्टातून पातळ, धारदार छिलके (ठोकून काढलेले दगडाचे चपटे तुकडे) सहजासहजी निघत नाहीत, म्हणून कॅल्सेडनीचे, म्हणजे गारेच्या जातीच्या दगडाचे, गोटे बाहेरून आणले होते. सकाळचा घडणीचा भाग ठीकच होता. आठशे रुपये वसूल झाले ते दुपारच्या तुडवणीत, म्हणजे पायाखाली आलेले छिलके कसे मोडतात हे पाहण्याच्या प्रयोगात.

प्रत्येकाने आपले वीस छिलके क्रमांक घालून निम्मे टणक खळ्यावर आणि निम्मे भुसभुशीत वाळूत मांडले, त्यांवरून आम्ही चपला घालून अर्धा तास ये-जा केली आणि मग दोन म्हशी फिरवल्या (कोल्हापुरात त्या मिळवायला कष्ट पडत नाहीत). खळ्यावरचे पातळ छिलके आडवे मोडले आणि जाड छिलक्यांच्या कडांना खाचा पडल्या. वाळूतले मात्र पाय पडताच रुतल्याने बरेचसे शाबूत राहिले. एक खाच इतकी नेटकी होती की, उत्खननात सापडली असती तर ती मुद्दाम घडवलेली आहे असे मी बेधडक लिहिले असते. माणूस धार दुरुस्त करतो तेव्हा टवके बहुधा सलग, सारखे आणि एकाच अंगाने निघतात, तर पायाखालचे टवके विखुरलेले, लहानमोठे आणि दोन्ही अंगांना असतात, हे मार्गदर्शकांनी भिंगाखाली दाखवले; तरीही एकट्यादुकट्या तुकड्यावरून निवाडा करू नये, हेही त्यांनी बजावले.

आंध्र प्रदेशातील जुर्रेरू खोऱ्यात म्हशी व शेळ्यांकडून दगडी छिलके तुडवून घेतल्याचा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात पाण्याने भिजलेल्या जमिनीत छिलके कोरड्या जमिनीपेक्षा खोल गेले होते. म्हणजे वरच्या थरातली वस्तू खालच्या, अधिक जुन्या थरात जाऊन बसू शकते. मार्गदर्शकांनी हे सारे सांगूनही, नदीकाठची काळी माती पन्नास पावलांवर असताना, चिखलातला प्रयोग वगळला, हे मला पटले नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तुडवण्यापूर्वी छिलक्यांची छायाचित्रे घेतली नव्हती आणि वाळूतले छिलके लोखंडी खुरप्याने उकरले. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी दोन्ही बाजूंची छायाचित्रे स्वतःच काढून ठेवावीत. माझ्या तीन छिलक्यांवरच्या खाचा म्हशीच्या की खुरप्याच्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.