फोन टॅपिंग आणि पेगासस: पाळतीचे दोन मार्ग

सरकारला एखाद्याचे बोलणे ऐकायचे असेल, तर जुना मार्ग टॅपिंगचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेसण घातली: आदेश गृहसचिवांचा हवा, त्याची मुदत दोन महिने, वाढवली तरी सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि आढावा समितीची नजर हवी. गैरवापर तरीही होतो, हे मी नाकारत नाही. पण निदान कागद मागे राहतो आणि हाती लागते ते फक्त लाइनवरचे संभाषण.

इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर लाइनवर थांबत नाही, थेट फोनमध्ये शिरते. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमधील एका त्रुटीमुळे सुमारे १,४०० फोनना लक्ष्य केले गेले, तेव्हा नुसता कॉल येणे पुरेसे होते. तो उचलण्याचीही गरज नव्हती. एकदा शिरकाव झाला की एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशांचे सांकेतिक कुलूप, असूनही संदेश वाचले जातात, जुने फोटो हाती लागतात, आणि टेबलावर निपचित पडलेल्या फोनचा मायक्रोफोन खोलीतले बोलणे टिपू लागतो, म्हणजे ज्याने कधी फोनला हातही लावला नाही असा पाहुणाही पाळतीखाली येतो. हीच गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटते.

शिवाय माग काढणे कठीण. भारतात पेगासस वापरल्याच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) आढळले, पण ते पेगाससच होते असे ठामपणे सांगता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितले गेले.