जुन्या झेनच्या आरशांचे रबर आणि नाना पेठेतील एक कारागीर

आमची मारुती झेन 1999 सालची आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पर्यावरण कर भरून तिची फेरनोंदणी केली आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी ती पुन्हा करून घेत आलो, कारण तिचे 993 सीसीचे इंजिन आजही निर्दोष चालते आणि पत्राही मजबूत आहे. अशा गाडीत पावसाळ्यात चालकाच्या बाजूच्या दाराचे आतले आवरण ओले होऊ लागले आणि वेग ताशी साठच्या पुढे गेला की काचेच्या पुढच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा आधी काचेच्या बीडिंगवर, म्हणजे काचेच्या कडेच्या रबरी पट्टीवर, संशय गेला. दोष निघाला तो बाहेरच्या आरशाच्या बैठकीखालील रबरात. हे रबर मी पुण्याच्या नाना पेठेतील एका छोट्या दुकानातून नव्याने करून घेतले. एक पूर्ण पावसाळा त्यावरून गेल्यानंतर आता त्या कामाविषयी खात्रीने लिहितो आहे.

झेनचा आरसा दाराच्या पुढच्या कोपऱ्यात, काचेला लागून असलेल्या त्रिकोणी जागेवर बसतो. आरशाची बैठक आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये रबराचे पातळ पॅकिंग असते. त्याचे काम तिहेरी आहे: पाणी अडवणे, वारा अडवणे आणि बैठकीची कड रंगावर घासू न देणे. खिडकीच्या काचेला लागून दाराच्या पोकळीत पाणी नेहमीच उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून निघून जाते, त्याची चिंता नसते. आरशाच्या बैठकीतून आलेले पाणी मात्र आतल्या प्लास्टिकच्या त्रिकोणामागून थेट हार्डबोर्डच्या आवरणावर ओघळते, आणि हार्डबोर्ड एकदा फुगला की क्लिपा धरत नाहीत. म्हणजे रबर काही रुपयांचे असले तरी त्यामुळे होणारे नुकसान दाराचे संपूर्ण आवरण बदलण्यापर्यंत जाऊ शकते.

हे रबर निकामी का होते, हे समजून घेतले तर पुढची निवड सोपी जाते. उन्हाने रबर तापते, त्याला मऊ ठेवणारे घटक हळूहळू निघून जातात, ते आकसते आणि कडक होते. नैसर्गिक रबराला हवेतील ओझोनही बाधतो आणि जिथे ते ताणलेले असते तिथे आडव्या भेगा पडतात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत ओझोनला बळी पडणारे दुहेरी बंध नसल्यामुळे ते ऊन, पाऊस आणि ओझोन यांना फार चांगले तोंड देते. गाड्यांच्या दारा-खिडक्यांच्या सीलसाठी ते सर्रास वापरले जाते, त्याचे कारण हेच.

यापूर्वी दोन उपाय करून झाले होते. एका गॅरेजमध्ये आरसा न काढताच बैठकीभोवती सिलिकॉन सीलंटची धार मारून दिली. त्याने पाणी काही महिने थांबले, पण मग एका कडेने सीलंट सुटले आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडायलाच जागा उरली नाही. आरसा काढला तेव्हा तिथे गंजाचा नखाएवढा डाग दिसला. नंतर तयार मिळणारी रबराची जोडी 120 रुपयांना घेऊन बसवली. तिला उग्र वास होता, घडी घातल्यावर घडीच्या रेषेवर ती पांढुरकी पडत असे, आणि चौदा महिन्यांत तिला भेगा गेल्या. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की या जागी स्वस्त तयार रबर बसवण्यापेक्षा जुनेच काही दिवस राहू द्यावे आणि एकदाच नीट काम करावे.

नाना पेठेतील हे दुकान म्हणजे जेमतेम दहा फूट रुंदीचा गाळा आहे. भिंतीवर रबराच्या पट्ट्यांची वेटोळी टांगलेली, मागे जाडीनुसार लावलेले रबराचे तक्ते आणि सगळीकडे शंखजिऱ्याची पांढरी पूड. मी दोन्ही आरसे काढून पिशवीत घालून नेले होते आणि सोबत जुने रबरही नेले होते. तरुण कारागिराने जुने रबर हातात घेतले, आरशाच्या बैठकीवर ठेवून पाहिले आणि बाजूला ठेवून दिले. ‘‘जुनं रबर बघून नवं कापलं की ते आकसलेलंच कापलं जातं, काका,’’ असे म्हणून त्याने बैठकीच्या कडेवर शिक्क्याच्या शाईचे पॅड फिरवले आणि ती कोऱ्या कागदावर दाबली. उमटलेला ठसा जुन्या रबरापेक्षा लांबीला जवळजवळ तीन मिलिमीटर मोठा होता. पाणी आत येत होते ते नेमके याच फरकातून, हे मला त्या कागदावर प्रथमच डोळ्यांनी दिसले.

त्यानंतर त्याने ईपीडीएमचे दोन प्रकार समोर ठेवले. एक भरीव, तीन मिलिमीटर जाडीचा, दुसरा स्पंजासारखा. स्पंजाचेही दोन प्रकार असतात आणि दिसायला ते सारखेच वाटतात, म्हणून त्याने दोहोंचे लहान तुकडे पाण्याच्या पेल्यात बुडवून मला पिळायला दिले. एकातून पाणी गळले; त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली होती. दुसरा कोरडाच राहिला, कारण त्यातील प्रत्येक बुडबुडा स्वतंत्रपणे बंद होता. आरशाखाली हा दुसराच वापरायचा, अन्यथा रबर स्वतःच पाणी धरून ठेवते आणि पत्रा सतत ओला राहतो. झेनच्या दाराचा पत्रा त्या कोपऱ्यात किंचित वळलेला असल्यामुळे भरीव रबर मधल्या भागात टेकत नाही, म्हणून त्याने बंद छिद्रांचा स्पंज सुचवला. ग्राहकाला पटेपर्यंत समजावून सांगण्याची ही तयारी मला त्या रबराइतकीच मोलाची वाटली.

कापणीत हात स्वच्छ होता. स्क्रूची तीन छिद्रे त्याने पंचने पाडली आणि आतून आरसा फिरवण्याच्या दांडीसाठीची मोठी फट धारदार पात्याने कापली. छिद्रे पात्याने कापली तर कोपऱ्यातून चीर पुढे वाढत जाते, गोल छिद्रात ती भीती नसते. खालच्या कडेला त्याने मुद्दाम चार मिलिमीटरची खाच ठेवली. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट तिथून मिळते. सीलंटच्या उपायात नेमकी हीच वाट बुजली होती.

बसवणी मी घरीच केली. आतला प्लास्टिकचा त्रिकोण जुन्या गाडीत ठिसूळ झालेला असतो, म्हणून तो उचकटण्यापूर्वी केस वाळवण्याच्या यंत्राने दोन मिनिटे कोमट केला. पूर्वी साचलेले सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, गंजाचा डाग घासून त्यावर प्रायमर आणि रंग लावला आणि तो पूर्ण वाळू दिला. आरसा बाहेरून एका हाताने धरून ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर शेवटचा स्क्रू निघताच तो दारावर आपटून रंगाला ओरखडा पडतो. तिन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. एकच स्क्रू शेवटपर्यंत पिळला तर रबर त्या बाजूला चेपते आणि समोरच्या बाजूला फट पडते. रबरावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. साधे ग्रीस, रॉकेल किंवा पेट्रोल ईपीडीएमला लावू नये, त्याने ते फुगते.

काम मे महिन्याच्या अखेरीस झाले. आधी पाण्याच्या नळीने दहा मिनिटे झोत मारून पाहिला, आतला त्रिकोण काढून बोट फिरवले, जागा कोरडी होती. पुढे जुलैत ताम्हिणी घाटातून मुसळधार पावसात दोनदा जाणे झाले आणि परत आल्यावर दाराचे आवरण हाताला कोरडेच लागले. द्रुतगती मार्गावर ताशी ऐंशीलाही शिट्टी ऐकू आली नाही. सप्टेंबरच्या शेवटी उजवा आरसा पुन्हा उघडून पाहिला तेव्हा रबर मऊ होते, आकसलेले नव्हते आणि दुरुस्त केलेल्या पत्र्यावर नवा गंज नव्हता.

उणिवाही सांगायला हव्यात. कंपनीच्या मूळ रबराला बाहेरच्या बाजूने एक बारीक ओठ असतो, जो बैठकीची कड झाकतो. तक्त्यातून कापलेल्या रबराला तो येत नाही, त्यामुळे जवळून पाहिले तर कापलेली निस्तेज कड दिसते. ज्यांना गाडी प्रदर्शनात न्यायची आहे त्यांनी मूळ सुट्या भागाचा शोध घ्यावा हे बरे. काम सांगितल्यापासून हातात यायला दोन दिवस लागले, आणि पक्के बिल मागूनही मिळाले नाही, हे मला आवडले नाही. दोन्ही आरशांच्या रबराचे 450 रुपये झाले. तयार जोडीच्या जवळपास चौपट ही किंमत आहे, पण चौदा महिन्यांत भेगाळलेली जोडी आठवली की ती मला रास्त वाटते.

तिथे जाताना गाडी नेण्याचा अट्टहास करू नये. नाना पेठेत वाहन उभे करायला जागा मिळत नाही आणि कारागिराला लागतो तो फक्त आरसा. आरसे काढलेल्या जागी आतून आणि बाहेरून प्लास्टिक चिकटवून गाडी दोन दिवस घरीच ठेवावी. झेनच्या मालकांना कदाचित तेवढीही तसदी पडणार नाही: माझ्या आरशांचे ठसे त्याने फेकून दिले नाहीत, ‘झेन, डावा’ आणि ‘झेन, उजवा’ असे लिहून ते आपल्या वहीत चिकटवून ठेवले आहेत.